आपली कुत्री, दुसऱ्यांची गल्ली

माझ्याकडे दोन कुत्री आहेत. भुरा गावठी, अंगानं दांडगा आणि स्वभावानं तिरसट. चिंगी डॅशहुंड, जमिनीपासून वीतभर उंच, पण तोरा असा की समोर बैल आला तरी भुंकणार. घर साताऱ्यात, गोडोलीत. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडं आणि संध्याकाळी वस्तीतून अशी दोन वेळची फेरी ठरलेली. "बाई, एवढी मोकाट कुत्री आहेत, तुमच्या अंगावर येत नाहीत का?" असं शाळेतल्या जुन्या सहकारी विचारतात. येतात की! पण प्रकरण चावण्यापर्यंत जाऊ नये म्हणून जे करायचं, त्यातलं बरंचसं समोर कुत्रं दिसायच्या आधीच करावं लागतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

समोरचं कुत्रं कुठलं?

जास्त गाठ पडते ती गल्लीतल्या कुत्र्यांशी. त्यांची हद्द ठरलेली असते, या खांबापासून त्या कट्ट्यापर्यंत. आपलं कुत्रं हद्दीत शिरलं की ती भुंकत मागं लागतात, हद्द संपली की थांबतात, खांबाशी पाय वर करतात आणि परत फिरतात. म्हणजे आपल्याला तेवढाच तुकडा नीट पार करायचा असतो. तो कुठून कुठपर्यंत आहे हे कळण्यासाठी आपली कुत्री घरी ठेवून एकदा नुसतं फिरून या. स्कूटरच्या मागं कुत्री कुठून लागतात आणि कुठं सोडून देतात ते बघा, तीच हद्द. कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही विचारा. त्याला तिथल्या प्रत्येक कुत्र्याची कुंडली पाठ असते.

पिल्लांची आई हे प्रकरण वेगळं. भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढं साधारण दोन महिने धरा. कार्तिक-मार्गशीर्षात बंद दुकानाच्या पायरीखाली, पाइपात, बांधकामाच्या वाळूत पिल्लं सापडतात. अशी आई भुंकण्यात वेळ घालवत नाही, सरळ येते. तिला हुसकायच्या भानगडीत न पडता महिना-दीड महिना त्या रस्त्यालाच जाऊ नये. आमचा दूधवाला मला दर थंडीत बातमी देतो, "बाई, गिरणीमागनं जाऊ नका, तिथं कुत्री व्यालीय." ही बातमी देणारा एक तरी माणूस प्रत्येकानं जोडून ठेवावा. आणि भाद्रपदाच्या दिवसांत एका मादीमागं पाच-सात नर फिरताना दिसले, तर लांबूनच वळा. एकेकटा असताना शेपूट घालणारा नरही त्या घोळक्यात आपल्या कुत्र्यावर तुटून पडतो. तुमची मादी नसबंदी न केलेली असेल आणि माजावर असेल, तर ते तीन आठवडे तिला रस्त्यावर नेऊच नका. गच्ची, अंगण, जे असेल त्यात भागवा.

तिसरी, धनगराच्या वाड्यावरची. पाऊस सरला की आमच्याकडं शेताशेतातून मेंढरं बसतात. तिथली कुत्री कामावर असतात. गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो बिबट्या-लांडग्यासाठी, आणि आपलं कुत्रं त्यांच्या हिशेबात लांडगाच. मेंढरं दिसली की जागीच थांबायचं आणि हाक मारायची, "ओ मामा, कुत्री धरा जरा!" तो हाळी देतो, कुत्री माघारी जातात, मग लांबून वळसा घालायचा. मेंढरं आणि कुत्रं यांच्या मधून कधीही जायचं नाही. (तसला खिळ्यांचा पट्टा हौसेनं आपल्या कुत्र्याला घालणारे लोक पाहिलेत. भांडणात त्याची मान धरायची वेळ आली की तेच खिळे आपल्या तळहातात घुसतात.)

आणि चौथं, फाटक उघडं राहिलं म्हणून बंगल्यातून सुटलेलं पाळीव कुत्रं. मला विचाराल तर धोकादायक हेच. गल्लीतल्या कुत्र्याचा अर्धा कारभार आवाजाचा असतो. कधी थांबायचं हे ते रस्त्यावरच शिकलेलं असतं. दिवसभर साखळीला असलेल्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याशी वागायची रीतच माहीत नसते. ते येतं ते थेट मानेवर.

वेळ आणि वाट

रस्ता ठरवताना चिकन सेंटरची मागची बाजू, मंगल कार्यालयाचा उकिरडा आणि कचराकुंडी टाळा. लग्नसराईत कार्यालयामागं रात्री भरपूर कुत्री जमतात, आणि खाण्यावरून चाललेल्या भांडणात आपण नको. घंटागाडी यायच्या आधी लोक पिशव्या बाहेर ठेवतात, तेव्हाही तेच. कुणी रोज कुत्र्यांना खायला घालत असेल तर त्यांची वेळ विचारून घ्या आणि त्याच्या अर्धा तास अलीकडं-पलीकडं तिथून जाऊ नका. पहाटे पाचचं मोकळं वातावरण मला आवडतं, पण रस्ते निर्मनुष्य असतात तेव्हा कुत्र्यांची हद्द रुंदावते. वर्दळ जरा सुरू झाली की ती आपापल्या कोपऱ्यात बसतात. म्हणून मी उजाडल्यावर निघते.

कानाला खाच दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे आणि तेव्हा रेबीजची लसही टोचलेली असते. खाच आहे म्हणून ते गरीब आहे असं नव्हे, शिवाय ती लस दर वर्षी पुन्हा लागते. पण ज्या गल्लीत बहुतेकांच्या कानाला खाच आहे, तिथं माद्यांवरून होणारा दंगा कमी असतो, हे नक्की.

गल्लीतल्या कुत्र्यांशी ओळख करून घ्या, पण आपली कुत्री बरोबर नसताना. मी त्यांना नावानं हाक मारते, एखाद-दुसरी पोळी टाकते. याचा फायदा एवढाच की माझी त्यांना भीती वाटत नाही आणि माझा आवाज ती ऐकतात. गल्लीतला काळ्या मला बघून शेपूट हलवतो, पण भुराला बघून दात विचकतोच.

हातात काय असावं?

गळपट्ट्यापेक्षा छातीवरचा हार्नेस बरा. ऐनवेळी कुत्रं उचलता येतं, मागं खेचता येतं आणि गळा आवळला जात नाही. मापाला घट्ट हवा. कुत्रं मागं सरकून त्यातून निसटतं का, हे घरात ओढून बघा. घाबरलेलं कुत्रं नेमकं तसंच निसटतं. दोरी दीड-दोन मीटरची, साधी, चपटी. बटण दाबून लांब होणारी दोरी वस्तीत अजिबात नको. कुत्रं पाच मीटर पुढं आणि तिथून त्याला आणायला तुमच्या हातात फक्त एक प्लास्टिकची डबी, असा तो प्रकार आहे.

काठीपेक्षा मी छत्रीच्या बाजूची आहे. बटणावर फटकन उघडणारी, लांब दांड्याची. समोरून कुत्रं येत असताना मध्ये उघडली की त्याला अचानक एक मोठी काळी भिंत दिसते आणि मागचं आपलं कुत्रं दिसेनासं होतं. बहुतेक जागीच थबकतात. फक्त त्याआधी आपल्या कुत्र्याला छत्रीची सवय करा. घरात आधी अर्धी उघडायची, खाऊ द्यायचा, मग पूर्ण, मग फटकन. हे आठवडाभर केलं नाही तर पहिलं पळणार ते तुमचंच. काठी घ्यायची असेल तर ती जमिनीवर आपटण्यासाठी आणि मध्ये आडवी धरण्यासाठी. मारायला नाही. एकदा मार खाल्लेलं कुत्रं पुढं प्रत्येक काठीवाल्यावर धावतं. शिवाय मुक्या जनावराला मारहाण करणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

खिशात मूठभर कोरडं खाणं, दाणेदार. बिस्किट फेकलं तर एकच कुत्रं थांबतं. दाणे येणाऱ्यांच्या तोंडासमोर पसरून फेकले की दोघं-तिघं नाकं खाली घालतात आणि तेवढ्यात आपल्याला वीस पावलं मिळतात. पाण्याची पिचकारी मारता येईल अशी बाटलीही उपयोगी. मिरचीचा फवारा मात्र नको. वारा फिरला की तो आपल्याच डोळ्यात आणि आपल्याच कुत्र्याच्या नाकात जातो. कर्कश आवाजाच्या त्या यंत्रांचंही तेच, आवाज सगळ्यात जवळून आपल्या कुत्र्याला ऐकू येतो.

या सगळ्यापेक्षा मोलाची गोष्ट फुकट आहे. कुत्र्याला "वळ" शिकवा. अंगणात चालताना "वळ" म्हणायचं, स्वतः गर्रकन उलटं फिरायचं, मागं आलं की खाऊ. सुरुवातीला काहीही समोर नसताना, मग मांजर दिसल्यावर, मग लांब कुत्रं दिसल्यावर. भुराला हे पक्कं व्हायला एक अख्खा पावसाळा गेला. चिंगी तेवढ्यातल्या तेवढ्यात शिकली आणि आता खाऊसाठी स्वतःहूनच वळते.

अंगावर येताना

आमच्या गिरणीच्या कोपऱ्यावर एक टेंपो उभा असतो, त्याखाली तिघं झोपलेली असतात. पहिल्यांदा काळ्याचे कान हलतात. मग मान वर येते. तो उठून उभा राहतो, अंग ताणतो आणि इकडं एकटक बघतो. इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. वळायचं असेल तर हीच वेळ. तो भुंकला आणि बाकीचे दोघे न बघताच भुंकायला लागले की आपल्याकडं दहा-बारा सेकंद राहतात.

या सेकंदांत माणसं करतात काय, तर दोरी हाताला गुंडाळून कुत्र्याला जवळ खेचतात. दोरी ताणली की आपलं कुत्रं छाती काढून, पुढचे पाय उचलून उभं राहतं, आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. दोरी आखूड धरा पण सैल. कुत्रं आपल्या मागं, आपण मध्ये. पळायचं नाही, किंचाळायचं नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही. तिरकं तोंड करून, चालण्याची लय न मोडता रस्ता ओलांडा किंवा वळा. उभी गाडी, फाटक, कट्टा, जे जवळ असेल ते मध्ये घ्या. दोन गाड्यांच्या फटीत शिरलात तर कुत्री एकाच बाजूनं येऊ शकतात. चहूबाजूंनी वेढण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

तरी जवळ आलीच तर एकदाच, पोटातून, जाड आवाजात "हाड!" पाठोपाठ खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. हा हावभाव आपल्याकडच्या प्रत्येक गावठी कुत्र्याला कळतो आणि दगड नसला तरी चालतो. पण ते दहा पावलांवर असतानाच वाका. अगदी समोर आल्यावर वाकलात तर आपलं तोंड त्याच्या तोंडाशी जातं. पिल्लांच्या आईवर आणि बंगल्यातल्या कुत्र्यावर याचा काडीचा परिणाम होत नाही. बंगल्यातल्यांना मी "सिट!" किंवा "गो होम!" असं दरडावते. आपल्याकडची पाळीव कुत्री घरात मराठी ऐकत असली तरी शिकलेली इंग्रजीत असतात, आणि सवयीनं क्षणभर का होईना, थांबतात.

भुंकणाऱ्यापेक्षा न भुंकणाऱ्यावर लक्ष ठेवा. मान खाली, शरीर ताठ, शेपूट ताठ, पावलं मोजून टाकत येणारं कुत्रं खरं. बरेचदा एक जण समोरून गोंगाट करतो आणि दुसरा गुपचूप मागून येऊन मांडीला तोंड घालतो. म्हणून पार होतानाही कुत्र्यांकडं पाठ करू नका, आडवं आडवं सरका.

लहान कुत्र्याला उचलावं की नाही, यावर वाद आहेत. उचललं की येणारं कुत्रं आपल्या अंगावर उडी मारतं, हे खरं आहे. पण चिंगीएवढ्या कुत्र्याला मोठ्यानं मानेला धरून एकदा झटकलं तर खेळ संपतो. म्हणून मी उचलते, पण लवकर, कुत्रं लांब असतानाच. आणि उचलून हातात धरून राहत नाही, गाडीच्या बॉनेटवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर ठेवते आणि आपण समोर उभी राहते. डॅशहुंडची पाठ लांब आणि नाजूक असते, तेव्हा एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली.

दोन कुत्री असली की आणखी एक धोका असतो, तो बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. समोरच्यापर्यंत पोचता आलं नाही की आपलीच दोघं चिडून एकमेकांना चावतात. दोघांच्या दोऱ्या एका हातात, किंवा दोघांना जोडणारा एकच पट्टा, हे म्हणूनच नको. एक उजवीकडं, एक डावीकडं. त्रासाच्या दिवसांत दोघांना वेगवेगळं फिरवा. कंटाळवाणं आहे, पण थंडीत मी तेच करते.

भांडण लागलंच तर

हात मध्ये घालू नका. आपलं गरीब कुत्रंही त्या क्षणी बघून चावत नाही. बरीचशी झटापट काही सेकंदांत आपोआप सुटते. सुटली की कोण जिंकलं ते बघत न बसता तिथून निघा. समोरच्यानं धरून ठेवलं असेल तर आपल्या कुत्र्याला ओढू नका, ओढण्यानं कातडी फाटते. तोंडावर, नाकावर पाणी ओता. उघडी छत्री दोघांच्या मध्ये घुसवा. ओढणी, जॅकेट, दुकानदाराचं पोतं, जे मिळेल ते त्याच्या डोक्यावर टाका. जवळच्या घरातून बादलीभर पाणी मागा, लोक तत्परतेनं आणतात. मागचे पाय धरून दोन्ही कुत्र्यांना एकाच वेळी मागं ओढायची युक्ती ऐकली असेल. ती दोन धीट माणसं आणि दोनच कुत्री असतील तेव्हाची. गल्लीत चौघं असताना एकट्यानं करायची नाही. मारल्यानं तर पकड आणखी घट्ट होते.

नंतर

घरी आल्यावर केसांत हात घालून सगळं अंग चाचपा. दाताचं भोक बाहेरून मिरीएवढं दिसतं आणि आत कातडी स्नायूपासून सुटलेली असते. दोन दिवसांनी तिथं पू होतो. म्हणून भोक कितीही छोटं असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं भरपूर धुवा, हातात मोजे घालून, कारण केसांवर चावणाऱ्याची लाळ असते. हळद, चुना, तेल काही भरू नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या आहेत. हिरड्या बघा. बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झाल्या पाहिजेत. पांढुरक्या दिसल्या, श्वास जोरात चालला असेल, पोटावर किंवा छातीवर चावा असेल किंवा लहान कुत्र्याला झटकलं असेल, तर धुण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठा. पाठीला मार वाटला तर पाटावर किंवा फळीवर सपाट ठेवून न्या. दुखत असताना ते तुम्हालाही चावेल, तेव्हा नेताना तोंडाला ओढणी सैलसर बांधा. श्वासाचा त्रास किंवा उलटी असेल तर बांधू नका.

रेबीजची वार्षिक लस झालेली असली तरी चाव्यानंतर डॉक्टर पुन्हा डोस देतात. लसीचं कार्ड सोबत न्या.

तुम्हाला दात लागला असेल, नुसता ओरखडा असला तरी, जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथं लस मोफत मिळते. कातडीत देतात तेव्हा पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी डोस असतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते आवर्जून विचारा. "ओळखीचं कुत्रं आहे" म्हणून थांबू नका.

मग माणसांकडं वळायचं. "ही कुत्री उचलून लांब सोडा" असा अर्ज नगरपालिकेत देऊन उपयोग नाही. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झाली की कुत्रं सहसा मूळ जागीच परत सोडायचं असतं. त्याऐवजी कोणत्या गल्लीत कानाला खाच नसलेली किती कुत्री आहेत, रंग काय, नर-मादी किती, असं लिहून नसबंदीची मागणी करा. असा अर्ज मार्गी लागायची शक्यता जास्त. खायला घालणाऱ्यांशी भांडू नका. त्याच नियमांत खाण्याची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, असं आहे. "ताई, ताटल्या जरा पलीकडच्या भिंतीशी ठेवाल का?" एवढ्यानं आमच्या एका कोपऱ्यावरचा त्रास बराच कमी झाला.

बंगल्यातल्या कुत्र्याच्या मालकाला आधी तोंडी सांगा, मग लेखी. तरी फाटक उघडंच राहत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते कलम माणसाला असलेल्या धोक्याबद्दल आहे. म्हणून तक्रारीत ते कुत्रं तुमच्याही अंगावर आलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, फोटो आणि दवाखान्याची बिलं जोडा.

चावा खाल्लेलं कुत्रं बरं झाल्यावरही तो कोपरा आला की अडून बसतं किंवा लांबूनच भुंकायला लागतं. ओढून नेऊ नका. काही दिवस वेगळा रस्ता धरा, मग त्या कोपऱ्याच्या अलीकडं, जिथं ते अजून शांत असतं तिथं, खाऊ देऊन "वळ" करा. रोज चार पावलं पुढं. हे करताना दुसऱ्या कुत्र्याला घरीच ठेवा, नाहीतर एकाची भीती दुसऱ्यालाही लागते.